उभ्या गाडीची रेस

वाळूजच्या बजाजनगरातल्या बहुतेक घरांत 'नॉरअ‍ॅड' हा शब्द पहिल्यांदा येतो तो आयसीयूच्या दारातून. आत आपलं माणूस, बाहेर चपलांच्या ढिगाजवळ उभे आपण. सिस्टर घाईने बाहेर येते. कुणीतरी विचारतं, "बीपी कसंय?" ती चालता चालता सांगते, "नॉरअ‍ॅडवर आहे, आठने चालू आहे." मग पुढचे दोन दिवस सगळ्या घराचं लक्ष त्या आठाकडे. आठाचे बारा झाले की गावाकडे फोन जातो, जमलं तर येऊन जा म्हणून. बाराचे चार झाले की पहिल्यांदा कुणीतरी खाली उतरून चहा घेतं. कोरोनाच्या दोन वर्षांत रांजणगावपासून वडगाव कोल्हाटीपर्यंत कितीतरी लोकांनी हा आकडा असा मोजलाय. त्या शब्दाचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता. विचारायची ती वेळही नव्हती.

आज सांगतो. नॉरअ‍ॅड म्हणजे नॉरअ‍ॅड्रिनॅलिन. काही पुस्तकांत नॉरएपिनेफ्रिन लिहितात, द्रव्य तेच. जंतुसंसर्ग रक्तात पसरला की रक्तवाहिन्या सैल पडतात, दाब कोसळतो. सलाईन देऊनही तो सावरला नाही तर डॉक्टर पहिला हात याच औषधाला घालतात. पण हे काही कारखान्यात नव्याने शोधून काढलेलं द्रव्य नाही. तुमच्या-माझ्या अंगात ते आत्ता, तुम्ही हे वाचताय तेव्हाही तयार होतंय. जे आयसीयूत जीव वाचवतं, तेच गरज नसताना वर्षानुवर्षं अंगात चढं राहिलं तर माणूस हळूहळू आयसीयूच्या दिशेने सरकतो. एवढं एक समजून घ्या, एवढीच माझी विनंती आहे.

मी वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या डिस्पेन्सरीत १९ वर्षं ब्रदर होतो. बोट कापलेलं, डोळ्यात कण गेलेला, चक्कर आलेली, असं रोजचं काम. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस यायचे, बाकी वेळ मी. म्हणून मी सांगतोय ते डॉक्टरकी नाही. हजारो दंडांना बीपीचा पट्टा गुंडाळलेल्या माणसाचं हे सांगणं आहे.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी, मण्यांच्या माळेसारख्या गाठींची एक साखळी उतरते. तिच्यातून निघणारे मज्जातंतू हृदयाला, रक्तवाहिन्यांना, डोळ्याच्या बाहुलीला, आतड्याला, सगळीकडे जातात. शाळेच्या पुस्तकात तिला अनुकंपी चेतासंस्था म्हणतात. या तंतूंच्या टोकाशी जे द्रव्य सांडतं ते नॉरअ‍ॅड्रिनॅलिन. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते, ती त्याचा भाऊ अ‍ॅड्रिनॅलिन आणि थोडं हेही थेट रक्तात सोडते. हृदयाला ते सांगतं, जोरात चाल. रक्तवाहिनीला सांगतं, आवळ.

याला शत्रू समजू नका. फर्स्ट शिफ्टच्या बससाठी तुम्ही पहाटे अंथरुणातून उठून उभे राहता, तेव्हा अर्धा लिटरच्या आसपास रक्त गुरुत्वाकर्षणाने पायांकडे उतरतं. त्याच क्षणी या तंतूंनी पायाच्या आणि पोटाच्या वाहिन्या आवळल्या नाहीत, तर तुम्ही मोरीपर्यंत पोचायच्या आत खाली पडाल. रोज हे घडतं आणि आपल्याला पत्ता नसतो. जुनी शुगर असलेल्यांच्या याच नसा खराब होतात. म्हणून त्यांना उठल्या उठल्या डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि म्हणूनच त्यांच्यातल्या काहींना हार्ट अटॅक येऊनही छातीत दुखत नाही. घरात शुगरवाले आजोबा असतील तर त्यांना सांगा, आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसा, मग उठा.

नगर रोडवर ओअ‍ॅसिस चौकाच्या अलीकडे एखादा रिक्षावाला अचानक आडवा घालतो. तुम्ही ब्रेक दाबता, गाडी थांबते, आणि त्यानंतर छाती धाडधाड उडायला लागते, तोंड कोरडं पडतं, तळवे घामेजतात. ही तीच यंत्रणा. अमेरिकेतल्या वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली भूक, भय, राग यांत शरीर कसं बदलतं यावर पुस्तक लिहिलं. लढायचं किंवा पळायचं, दोन्हीसाठी शरीर एकाच तऱ्हेने कंबर कसतं, हे त्यांनी दाखवलं. मज्जातंतूंच्या टोकाशी सांडतं ते नॉरअ‍ॅड्रिनॅलिनच, हे स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये सिद्ध केलं. १९७० चं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांत ते होते.

बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, आपली ही वसाहत त्याच्या आधाराने वाढली, म्हणून गाडीच्याच भाषेत बोलू. घाट चढताना रेस द्यावी लागते. दिलीच पाहिजे. पण स्टँडवर लावलेली, न्यूट्रलला असलेली गाडी कुणी तासन् तास रेसवर ठेवली तर? इंजिन तापेल, ऑईल जळेल, आणि गाडी एक फूटही पुढे जाणार नाही. आपल्यापैकी पुष्कळांचं शरीर असं स्टँडवर उभं राहून रेसवर आहे.

रेस पूर्ण पिळली तर काय होतं, हे महाराष्ट्राइतकं जवळून फार थोड्या ठिकाणी पाहिलं गेलं असेल. ते ज्यांनी पाहिलं आणि जगाला दाखवलं ते आपल्या शेजारचेच. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. आज ते गाव जालना जिल्ह्यात आहे. १९८१ पर्यंत ते आपल्याच जिल्ह्यात होतं. नागपूरला एमबीबीएस करून १९७६ साली ते कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचू चावलेली माणसं यायची. लहान मुलं, शेतात राबणाऱ्या बाया. चावल्यावर काही तासांत घामाने न्हायलेली, उलट्या करणारी, हातपाय बर्फासारखे थंड. मग दम लागायचा, तोंडातून गुलाबी फेस यायचा आणि माणूस जायचा. विषापुढे बहुतेकांनी हात टेकलेले.

बावस्कर पेशंटच्या खाटेजवळ बसून राहायचे. नाडी, दाब, घाम, हातापायांचा गारठा, सगळं ताशी लिहून ठेवायचे. त्यांच्या निरीक्षणांतून जे पुढे आलं ते असं. विंचवाचं विष मज्जातंतूंची दारं उघडी ठेवतं, ती मिटतच नाहीत. साठवलेलं सगळं नॉरअ‍ॅड्रिनॅलिन आणि अ‍ॅड्रिनॅलिन एकदम रक्तात ओतलं जातं. अंगभर वाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार. आवळलेल्या वाहिन्यांच्या विरुद्ध हृदय जिवाच्या आकांताने रक्त ढकलत राहतं आणि शेवटी थकतं. थकलं की रक्त मागे फुप्फुसात तुंबतं आणि फुप्फुसात पाणी होतं. म्हणजे माणूस मरायचा तो स्वतःच्याच नॉरअ‍ॅड्रिनॅलिनच्या लोंढ्याने.

१९८२ मध्ये 'द लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांची निरीक्षणं छापून आली. बावस्कर मध्ये पुण्याला जाऊन एमडी झाले आणि मोठ्या शहरात न थांबता पुन्हा त्याच भागात गेले. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची एक साधी गोळी होती. नॉरअ‍ॅड्रिनॅलिन रक्तवाहिनीवरच्या ज्या दारातून आत शिरून तिला आवळतं, ते दार ही गोळी अडवते. बावस्करांनी ती विंचूदंशाला वापरली. गंभीर अवस्थेत पोचलेल्या शंभरांतले २५ ते ३० जण जिथे दगावायचे, तिथे हे प्रमाण एक-दोनावर आलं. पुढे विंचवाच्या विषावरचं प्रतिविषही आलं आणि दोन्ही मिळून दिल्याने पेशंट लवकर बरा होतो, हेही त्यांनी २०११ मध्ये दाखवलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भोकरदनकडचे कितीतरी लोक आपल्या वसाहतीत राहतात. त्यांनी हे आपल्या पोरांना जरूर सांगावं.

विंचवाचा विषय निघालाच आहे तर थांबून सांगतो, कारण सुट्टीत आपण सगळे गंगापूर, वैजापूर, पैठणकडे गावी जातो आणि इथेही बांधकामाच्या विटा-दगडांत विंचू निघतोच. चावलेल्या जागी नुसती ठणक असेल तर सहसा धोका कमी असतो. पण दरदरून घाम, उलटी, हातपाय गार, यातलं एकही दिसलं तर मंत्र-जडीबुटीत पाच मिनिटंही घालवू नका. विशेषतः लहान मूल असेल तर घाम यायचीही वाट पाहू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. प्राझोसिनची गोळी स्वतः आणून देऊ नका. तिने दाब एकदम पडतो, ती डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायची असते.

आता आपल्याकडे. बजाजनगरात रोज कुणाला विंचू चावत नाही. इथे थेंब थेंब आहे. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाईट. प्रेसशॉपमधला आवाज. टार्गेट पुरं नाही झालं की सुपरवायझरचं बोलणं. कंत्राटी पोराला दर काही महिन्यांनी ब्रेक मिळेल की काय ही धास्ती, फ्लॅटचा हप्ता, पोरीच्या क्लासची फी, गावाकडे बापाचं आजारपण. यातलं एकही संकट रिक्षावाल्यासारखं दोन मिनिटांत येऊन निघून जात नाही. लढायला समोर कुणी नाही, पळायला जागा नाही, आणि अंग मात्र कंबर कसून उभं. वाहिन्या थोड्या आवळलेल्या, हृदय थोडं पुढे. मूत्रपिंडालाही हे तंतू जातात. ते मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतं. होता होता रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात आणि दाब कायमचा वर जाऊन बसतो. बीपीला दुसरीही कारणं आहेत. आईवडिलांकडून येतं, पोटाच्या घेरामुळे येतं, पापड-लोणच्याच्या मिठाने येतं. पण या सगळ्यांच्या जोडीला ही रेस असतेच.

आणि दुखत काही नाही. हाच घोळ आहे.

एक माणूस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. चाळिशीचा, लाईनवर नट कसणारा, हाताला हलका. बोटाला पत्रा लागला म्हणून ड्रेसिंगला आला. सवयीने पट्टा लावला तर १९०/११०. मी परत मोजलं, तेवढंच. म्हणालो, दादा, आज डॉक्टरांना भेटूनच जा. तो हसला. "ब्रदर, मला काय झालंय? डबल ड्युटी करून आलोय मी." पुढे तो आला तेव्हा मी विचारलं, त्याने हात हलवून टाळलं, आणि मीही रांग मोठी होती म्हणून सोडून दिलं. आठ-नऊ महिन्यांनी सेकंड शिफ्टच्या चहाच्या सुट्टीत त्याच्या हातातून कप गळाला. उचलायला वाकला तो उठलाच नाही. उजवी बाजू गेली. आज तो गावी आहे, बोलतो थोडंफार. मी पाठपुरावा करायला हवा होता. ते माझं काम होतं आणि ते मी केलं नाही.

माझी दुसरी चूक याहून मोठी, कारण ती रोजची होती. वार्षिक तपासणीला दीड-दोनशे माणसांची रांग लागायची. माणूस शॉपमधून पळत यायचा, गालात तंबाखू, उभ्या उभ्या मी बाही वर सारून पट्टा गुंडाळायचो, आकडा लिहायचो, पुढचा. ते आकडे खरे नव्हते. कुणाचा उगाच जास्त लिहिला गेला. उलट "धावत आलाय म्हणून वाढलं असेल" असं म्हणून खरोखर आजारी असलेल्यांनाही मी सोडलं असेन. म्हणून आता बीपी कसं मोजायचं हे जरा सविस्तर सांगतो. तुमच्या घरात मशीन असो नसो, हे माहीत असलं पाहिजे, म्हणजे मोजणाऱ्याला तुम्ही हक्काने थांबवू शकाल.

पाच मिनिटं गप बसायचं. खरोखर पाच, घड्याळ बघून. पाठ टेकलेली, दोन्ही तळवे जमिनीवर, पायावर पाय नाही. लघवीला जाऊन आलेले असाल तर उत्तम, तुंबलेल्या लघवीनेही आकडा वाढतो. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, बिडी काही नाही. पट्टा उघड्या दंडावर, शर्टाच्या जाड बाहीवर नाही, आणि दंड टेबलावर टेकवून छातीच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही, मोजणाऱ्यानेही प्रश्न विचारायचे नाहीत. दोनदा मोजायचं, मध्ये एक मिनिट. पांढरा कोट बघूनच पुष्कळांची रेस वाढते. ही पाच मिनिटं ती उतरण्यासाठी असतात. वेगवेगळ्या दिवशी मोजून आकडा १४०/९० किंवा त्याच्या वर येत राहिला तर डॉक्टरकडे जायचं. मग वय ३० का असेना. १८०/१२० च्या वर असेल आणि सोबत छातीत दुखणं, दम, जीभ जड होणं, तोंड वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं यातलं काहीही असेल, तर घरी पुन्हा मोजत बसू नका. १०८ ला फोन करा. मिळेल त्या गाडीने घाटी रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या.

तंबाखूविषयी मी भाषण देणार नाही, एकच गोष्ट सांगतो. पुष्कळ जण म्हणतात, टेन्शन आलं की चिमूट ठेवतो, बरं वाटतं. निकोटिन या मज्जातंतूंतून आणि त्या टोपीसारख्या ग्रंथीतून नॉरअ‍ॅड्रिनॅलिन आणि अ‍ॅड्रिनॅलिन सोडवतं. काही मिनिटांत नाडी वाढते, दाब वाढतो. बरं वाटतं ते तलफ भागल्याचं. आत रेस आणखी पिळली गेलेली असते. बिडी ओढली काय, गालात ठेवली काय, निकोटिन रक्तात पोचतंच. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून तासातासाला पुडी फोडणाऱ्या भावांना माझं हात जोडून सांगणं आहे, निदान ही पुडी तुम्हाला शांत करते असं तरी मानू नका.

मेडिकलवरून स्वतःच्या मनाने आणलेल्या गोळ्यांचंही असंच. नाक चोंदलं म्हणून सर्दीची जी गोळी घेतो, तिच्यात बऱ्याचदा फेनिलेफ्रिनसारखं द्रव्य असतं. नाकातल्या वाहिन्या आवळून नाक मोकळं व्हावं म्हणून ते घातलेलं असतं, म्हणजे ते नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचीच नक्कल करतं, आणि अंगातल्या बाकी वाहिन्याही काही प्रमाणात आवळतं. अंगदुखीच्या काही गोळ्या रोज घेतल्या तरी दाब चढतो. बीपी असेल तर दुकानदाराला आधी तसं सांगा.

गोळी बंद करण्याविषयी तर मला ओरडून सांगावंसं वाटतं. "आता नॉर्मल आलंय, म्हणून सोडली." अहो दादा, नॉर्मल आलंय ते गोळीमुळे! ज्यांच्या नावाच्या शेवटी 'लॉल' येतं, अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, त्या गोळ्या हृदयावरची नॉरअ‍ॅड्रिनॅलिनची दारं अडवून बसतात. दारं अडवलेली असताना हृदय जास्तीची दारं तयार करून ठेवतं. मग तुम्ही एके दिवशी गोळी एकदम सोडली की ती सगळी दारं एकदम उघडी. छाती धडधडते, दाब उसळतो, कुणाकुणाला अटॅकही येतो. कमी करायची तर डॉक्टर हळूहळू करतात. गावी यात्रेला जाताना आठ दिवसांच्या गोळ्या पिशवीत टाका, ही जबाबदारी घरातल्या एकाने घ्या. आणि इंटरव्ह्यूला हात थरथरू नयेत म्हणून मित्राने दिलेली अशी गोळी पोरांनी घेऊ नये. दमा असेल तर तीच गोळी जिवावर बेतू शकते.

आता झोप. मला विचाराल तर बजाजनगरचं खरं दुखणं इथे आहे.

मेंदूच्या बुंध्याशी, मानेच्या वर, एक इवलासा निळसर ठिपका असतो. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थच निळी जागा. मेंदूभर नॉरअ‍ॅड्रिनॅलिन मुख्यतः तिथून पोचतं. जागेपणी तो ठिपका काम करत असतो, म्हणून आपलं लक्ष लागतं, मशीनवर हात सांभाळला जातो. झोपेत तो मंदावतो, आणि स्वप्नांच्या झोपेत तर पार गप्प होतो. चांगल्या झोपेत रक्तदाबही दिवसापेक्षा १० ते २० टक्के उतरतो. इंजिन थंड व्हायची वेळ ती हीच. नाईट करून सकाळी आलेल्या माणसाला ती मिळते का? सात-साडेसातला तो घरी येतो. पोरांची शाळेची गडबड, मग भाजीवाला, कुकरच्या शिट्ट्या, वरच्या मजल्यावर ड्रिल, दुपारी कुणाच्या तरी हळदीचा डीजे. दचकून जाग आली की प्रत्येक वेळी तोच रिक्षावाला आडवा आल्यासारखं होतं. तीन-चार तास असे तुकड्यातुकड्याने झोपून तो पुन्हा रात्री मशीनवर उभा.

म्हणून हे आवाहन कामगारापेक्षा त्याच्या भोवतालच्यांना जास्त आहे. ताई, मावशी, नाईटवाल्याच्या खोलीला काळा पडदा लावा, जुनी चादर दुमडून लावली तरी चालेल. त्याचा फोन बाहेरच्या खोलीत ठेवा. बँकेचं काम, गॅस, नळदुरुस्ती त्याच्या झोपेच्या वेळेत त्याच्या गळ्यात घालू नका. शेजाऱ्यांनो, दुपारी बारापर्यंत ड्रिल नको. मंडळाच्या पोरांनो, तुमच्याच गल्लीत तुमचाच काका रात्रभर उभा राहून आलाय. दिवसाच्या वेळी स्पीकरचा आवाज उतरवायला पोलिसांची वाट कशाला बघायची? ज्यांच्या हातात शिफ्टचं वेळापत्रक असतं त्यांनाही सांगतो, नाईट संपवून आलेल्याला दुसऱ्याच दिवशी फर्स्टला बोलावू नका.

आणखी एक. नवरा जोरात घोरतो, मध्येच श्वास थांबतो, मग हिसका देऊन सुरू होतो, असं बायकोला दिसत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका. श्वास थांबला की रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि ही यंत्रणा त्याला हलवून जागं करते. रात्रीत शंभर वेळा झालं तर शंभर वेळा. त्याला सकाळी उठल्यावर डोकं जड, दिवसा डुलक्या, आणि दोन-तीन गोळ्या घेऊनही बीपी उतरत नाही. डॉक्टरांना हे आपण होऊन सांगा. झोपलेल्या माणसाला ते स्वतःचं स्वतः कळत नाही.

रेस कमी करणारी दुसरी बाजूही शरीरात आहेच, परानुकंपी म्हणतात तिला. मेंदूतून निघून छाती-पोटात उतरणारी एक लांब नस हृदयाला संथ करते. तिच्यापर्यंत पोचायचा आपल्या हातातला रस्ता म्हणजे श्वास, त्यातही श्वास सोडणं. मिनिटाला पंधरा-सोळा श्वासांऐवजी सहाच्या आसपास, आणि घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी लोकांना ख्रिस्ती जपमाळ आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणायला लावून मोजलं. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ आला आणि हृदय-रक्तदाबाची लय सुधारली. आपल्या महाराष्ट्रात लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढलं तेच मुळी श्वास-आसनांचा शरीरावरचा परिणाम यंत्रांनी मोजण्यासाठी. आषाढीला वाळूजजवळच्या छोट्या पंढरपुरात जाताना आपल्या दिंडीत म्हातारी माणसं एका श्वासात अख्खी ओळ ओढतात, ती कधी लक्ष देऊन ऐका. किती लांब सोडतात श्वास! तुम्हाला भजन आवडत नसेल तर नुसतं बसून असा लांब श्वास सोडा. कंपनीच्या बसमध्ये, घरी पोचायच्या आधीची दहा मिनिटं, मोबाईल खिशात ठेवून. याने गोळी सुटत नाही, हे मात्र स्पष्ट लक्षात ठेवा.

चालणंही तसंच. व्यायाम करताना रेस वाढते, पण रोज अर्धा तास चालणाऱ्याची उरलेल्या साडेतेवीस तासांतली रेस उतरते. लाईनवर दिवसभर उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे.

पैशाचं म्हणाल, तर ज्यांचा ईएसआय कापला जातो त्यांनी ते कार्ड कपाटात ठेवू नये. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला आणि त्याच्या घरच्यांना त्यावर तपासणी आणि गोळ्या मिळतात. रांग असते, हे खरं. ज्यांचं कार्ड नाही त्यांनी सरकारी दवाखान्यात जावं, बीपीच्या साध्या गोळ्या तिथे मिळतात.

मी निवृत्त झाल्यापासून रविवारी सकाळी आठ ते दहा मोहटादेवी मंदिराजवळ मशीन घेऊन बसतो. पैसे घेत नाही. वहीत नाव नाही, फक्त आकडा तुमच्या कागदावर लिहून देतो. शनिवारी नाईट केली असेल तर येऊ नका, झोपा. पुढच्या रविवारी या. जुनी चिठ्ठी असेल तर आणा, गोळ्यांचं पाकीट आणा. तंबाखू अर्धा तास आधी थुंकून या. तिथे दोन खुर्च्या असतात. भिंतीला टेकलेली जी आहे, तिच्यावर आधी पाच मिनिटं बसायचं. फोन माझ्या टेबलावर ठेवायचा.